विमान उतरेपर्यंत डबा वाजवायचा नाही

माझा धंदा ठिबकच्या नळ्या विकण्याचा. पाणी थेंबाथेंबाने कसं सोडावं, हे मी इतकी वर्षं जळगावच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना शिकवत आलो. पण स्वतः कमरेच्या वर पाण्यात कधी उतरलो नाही. पोहता येत नाही. बायको धुळ्याची. लहानपणी ती पांझरेच्या डोहात उड्या मारायची, आणि ही गोष्ट तिने लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगून टाकली होती. तेव्हापासून घरात पोहण्याचा विषय निघाला की मी वर्तमानपत्र उघडतो.

लेक गोव्याला दिली आहे. गेल्या हिवाळ्यात तिला सातवा महिना लागला आणि बाळंतपणाला तिला माहेरी आणायचं ठरलं. जळगावहून गोव्याला विमान जातं. जावई फोनवर म्हणाले, "बाबा, घरून चहा पिऊन निघा, जेवायला इथे." मी हो म्हणालो. जावयापुढे माणूस सगळ्यालाच हो म्हणतो.

मग मी मोबाइलवर विमानाची माहिती बघायला बसलो, आणि तिथेच घात झाला. पहिल्या दिवशी सामान किती न्यायचं ते बघितलं. दुसऱ्या दिवशी मोबाइलने आपणहून मला पाण्यात उतरलेलं विमान दाखवलं. भलं मोठं विमान, नदीत तरंगतंय, आणि माणसं त्याच्या पंखांवर ओळीने उभी, बसथांब्यावर उभी असावीत तशी. कारण काय, तर इंजिनात पाखरं गेली. एवढं मोठं धूड, आणि त्याला खाली आणणारं कोण? ज्यांना आम्ही शेतात हुर्रर्र म्हणून हाकलतो ती.

त्यानंतर पंधरवडाभर मी दुसरं काही बघितलं नाही. पाण्यात उतरताना विमान नाक वर धरतं, समुद्रापेक्षा नदी बरी, लाटेला पंख लागला की संपलं, हे सगळं मला पाठ झालं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, पिवळं जॅकेट विमानाच्या आत फुगवायचं नाही. आत पाणी शिरलं तर फुगलेला माणूस छताला जाऊन चिकटतो आणि दारातून बाहेर पडू शकत नाही. हे मी दुकानात येईल त्याला सांगायचो. एक गिऱ्हाईक व्हॉल्व्ह न घेताच निघून गेलं.

आता नानाचं सांगतो. नाना म्हणजे माझा मोठा भाऊ. आमचं शेत तोच करतो. शेताच्या एका बाजूने डांबरी रस्ता जातो आणि दुसऱ्या बाजूला आता विमानतळाची भिंत आहे, वर काटेरी तार. भिंतीपलीकडे धावपट्टी. मी धुळ्याला हॉस्टेलला शिकत होतो तेव्हा भिंत नव्हती, विमान नव्हतं, फक्त रस्ता होता आणि रस्त्यावरून जाणारी एसटी. सुट्टी संपून मी निघालो की नाना मचाणावर चढायचा आणि तेलाचा रिकामा डबा काठीने बडवायचा. एसटी शेतापाशी आली की ढॅण ढॅण ढॅण. सगळे प्रवासी खिडकीतून बघायचे आणि मला लाज वाटायची. पण एकदा तो बाजाराला गेला होता म्हणून डबा वाजला नाही, तर मला धुळं येईपर्यंत चैन पडली नव्हती.

पुढे ती घरची रीतच झाली. शेतावरून कुणीही परगावी निघालं की नाना डबा वाजवणार. लेकीची वरात गेली तेव्हा बँडवाल्यांनी वाजवणं थांबवून बघितलं होतं.

आम्ही विमानाने जाणार हे कळल्यावर नाना म्हणाला, "बस जाऊ दे नाहीतर इमान जाऊ दे, मी डबा वाजाडसू."

"नाना, विमानात काय ऐकू येणार?"

"तुले आयकू नही येवाव. पन माले बरं वाटी."

शेतात तेव्हा दादर उभी होती. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. कणसात दूध भरलं होतं, आणि त्या दिवसांत भोरड्यांचे थवे येतात. भोरडी साळुंकीएवढी, पण एकटी कधी येत नाही. सगळं आभाळ घेऊन येते. नाना सकाळपासून मचाणावर, हातात गोफण, शेजारी डबा.

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. पाखरं, डबा, धावपट्टी. पंधरवडाभर इंजिनात गेलेल्या पाखरांचे व्हिडिओ बघणाऱ्या माणसाला या तीन गोष्टी एकमेकींना जोडता आल्या नाहीत. व्हिडिओतली पाखरं परदेशी होती, ही घरची.

विमान लहान निघालं. दोन्ही बाजूंना पंखे असलेलं. मला खिडकी मिळाली, आणि पंखा नेमका माझ्या डोळ्यांसमोर. हवाईसुंदरीने जॅकेट घालून दाखवलं. तिच्याकडे अख्ख्या विमानात फक्त मीच बघत होतो. बायको म्हणाली, "अहो, असं टक लावून बघू नका, ती लाजेल."

"मी जॅकेट बघतोय."

"सगळे असंच म्हणतात."

विमान धावायला लागलं. जमिनीवरून उचललं गेलं. भिंत खाली गेली, आमचं शेत दिसलं, दादरीचा हिरवा-पिवळा तुकडा, मचाण, आणि मचाणावर उभं एक इवलंसं माणूस. हात वर-खाली होत होता. मी बायकोला म्हणालो, "बघ, नाना!" आणि हसलो.

तेवढ्यात शेत उडालं. मला तसंच वाटलं. अख्खं शेत काळं होऊन वर आलं.

पत्र्यावर मूठभर खडे मारावेत तसा आवाज झाला. एकदा, आणि लगेच पुन्हा, जास्त जोरात. मग माझ्या बाजूने धाड असा आवाज आला आणि विमानाने अंग झटकलं. आत वास पसरला. बैलाची शिंगं डागताना येतो तसा, केस जळल्याचा. समोरचा पंखा मंद व्हायला लागला. वीज गेल्यावर घरातला पंखा जसा सावकाश थांबतो, तसा. आधी त्याची पाती वेगळी दिसायला लागली. मग मोजता आली. मग तो थांबलाच.

घरातला पंखा थांबला की आपण म्हणतो, लाइट गेली. इथे काय म्हणायचं ते मला सुचेना.

पुढच्या रांगेतला माणूस मोबाइलवर खिडकीतलं दृश्य टिपत होता, त्याने मोबाइल हळूच मांडीवर उलटा ठेवला. कुणीतरी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली आणि मध्येच विसरलं. विमान एका बाजूला कललं आणि थरथरायला लागलं. वरच्या स्पीकरमधून आवाज आला. कॅप्टन सांगत होता की एका इंजिनाला पक्षी लागलेत, दुसरं इंजिन चांगलं चालतंय, आपण परत जळगावलाच उतरतोय. आवाज शांत होता. पण व्हिडिओतले सगळे कॅप्टनही शांतच बोलत होते.

विमान वळलं आणि खिडकीत खाली पाणी चमकलं. वाघूर धरण. सपाट, मोठं, ऊन पडलेलं.

झालं. मला कळलं की हा आम्हाला पाण्यात उतरवणार. तो जळगाव म्हणाला ते नुसतं धीर द्यायला. माझे हात आपोआप खुर्चीखाली गेले. पिशवी फाडली, जॅकेट गळ्यात घातलं, पट्टा आवळला, आणि पंधरवडाभर अख्ख्या जळगावला जे करू नका म्हणून सांगत होतो तेच केलं. दोरी ओढली. फस्स झालं आणि मी खुर्चीत घट्ट अडकलो. मान हलेना. हवाईसुंदरी तिच्या जागी पट्ट्याने बांधलेली होती. तिथूनच तिने माझ्याकडे बघून डोळे मिटून घेतले.

बायको म्हणाली, "अहो, खाली केळीच्या बागा आहेत. केळीत पोहणार का?"

"धरण आहे. मी बघितलं."

तिने माझ्यावरून वाकून खिडकीतून बघितलं. पुन्हा काही चेष्टा करील म्हणून मी वाट बघत होतो. तिने चपला काढून पायाने सीटखाली सारल्या. मग पट्टा जरा सैल करून साडीच्या निऱ्या वर ओढून कमरेला खोचल्या. धुणं धुवायला नदीवर बसताना बायका खोचतात तशा.

ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ऐका. पाण्यात पडलो तर माझी पाठ धरायची. गळा धरायचा नाही. गळा धरणारा दोघांना बुडवतो."

तेव्हा मला खरी भीती वाटली. तोवर मी एकटाच घाबरत होतो आणि ती हसत होती. म्हणजे काळजीचं कारण नव्हतं. इतकी वर्षं आमच्या घरात असंच चाललं होतं.

"आणि मी धरलाच गळा तर?"

"तर मी चावेन."

मग तिने माझा हात धरला. सोडला तो विमान जमिनीला टेकून, धावून, पूर्ण थांबल्यावर. हातावर तिच्या नखांच्या खुणा बरेच दिवस होत्या. विमान धावपट्टीवरच टेकलं होतं. जळगावची कोरडी, खणखणीत, सुंदर जमीन. दोन्ही बाजूंनी लाल गाड्या धावत आल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाजवता येईनात, हात जॅकेटच्या बाहेर पुरेसे येत नव्हते.

खाली उतरल्यावर बायको अनवाणी होती. चपला आतच राहिल्या. आम्हाला एका खोलीत बसवलं, पाणी दिलं. मी तीन वेळा पाणी प्यायलो आणि मग आठवलं. नाना.

नानाने ते सगळं बघितलं असणार. थवा उठताना, पंखा थांबताना, विमान कलून झाडांमागे खाली जाताना. आम्ही वळसा घेऊन दुसऱ्या टोकाने उतरलो होतो. शेतातून ते टोक दिसत नाही. दिसतात ती फक्त झाडं. आणि त्याने ऐकले असणार त्या लाल गाड्यांचे भोंगे.

मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा बायको म्हणाली, "फोन ठेवा, रिक्षा बघा."

रिक्षावाल्याने आम्हाला आरशात दोनदा बघितलं. एक अनवाणी बाई आणि गळ्यात पिवळं फुगलेलं जॅकेट घातलेला माणूस. ते काढायचं भानच राहिलं नव्हतं, आणि आम्हाला बाहेर सोडतानाही कुणी मागितलं नव्हतं.

मचाण रिकामं होतं. डबा खाली पालथा पडलेला. शेजारी नानाची पिशवी, तिच्यात फोन. मी हाका मारल्या. दादरीत भोरड्या पुन्हा उतरून निवांत खात होत्या, त्यांच्या कलकलाटात माझी हाक माझ्याच कानाला जेमतेम पोचत होती. दादर डोक्याइतकी उंच, त्यामुळे पलीकडचं काही दिसेना. मी जॅकेटसकट त्यात शिरलो. मला काय दिसेल याची जी भीती तेव्हा वाटली, ती विमानातल्यापेक्षा मोठी होती. विमानात निदान बायको जवळ होती आणि ती पोहणारी होती.

भिंतीच्या तारेवर नानाचा टॉवेल अडकलेला दिसला. खाली, भिंतीला पाठ लावून नाना बसला होता. तळहात फाटले होते. सदऱ्याला रक्त लागलं होतं. चढायचा प्रयत्न केला असावा, या वयात, त्या तारेवरून. डोळे उघडे होते, पण तो माझ्याकडे बघत नव्हता.

"नाना."

त्याने बघितलं. जॅकेट बघितलं, मग मला बघितलं. त्याला ओळख पटायला वेळ लागला.

"जिता शे ना रे तू?"

"आहे. ही पण आहे. आम्ही उतरलो, नाना. परत इथंच उतरलो."

त्याने फाटक्या हाताने माझा चेहरा चाचपला. मग बोलायला लागला आणि थांबेना. "मी डबा वाजाडा. बठ्ठा पाखरं उडनात. इमानना आंगवर ग्यात. मी दखं. मी दखं. माले वाटनं मीच मारं तुमले."

बायको खाली बसली, साडीच्या पदराने त्याचे हात बांधत म्हणाली, "नाना, तुमच्या भावाला मारायला डबा कशाला लागतो? तो जॅकेटमध्येच गुदमरून चालला होता."

नाना हसला नाही. तो पुष्कळ दिवस हसला नाही.

दुसऱ्या दिवशी तो आपल्या पायाने विमानतळाच्या गेटवर गेला आणि मला पकडा म्हणाला. तिथल्या माणसाने त्याला चहा पाजला. म्हणाला, आबा, पाखरं कुठूनही येतात, आम्हीही हाकलतो, पण विमानाच्या वेळेला तुम्ही शेतात आवाज तेवढा करू नका. नानाने घरी येऊन डबा माळ्यावर टाकला. विमानाच्या वेळेलाच नाही, एरवीही वाजवेना. भोरड्या दादर खात सुटल्या. मी म्हटलं, इतर वेळी तरी हाकल. तो म्हणाला, "खाऊ दे त्यास्ले."

मी मात्र ठरवलं की लेकीला रेल्वेने आणायचं. पण तिच्या डॉक्टरीणबाईंनी लांबचा प्रवास नको, एवढे तास बसणं नको, विमानच बरं, असं बजावलं. घरात मी एकटाच विरोधी पक्ष. शेवटी बायको रेल्वेने गोव्याला गेली आणि लेकीला घेऊन विमानाने यायची होती. मी का गेलो नाही? कुणीतरी इथं पाखरांकडे बघायला पाहिजे, असं मी सांगितलं. बायको म्हणाली, "बघा, बघा. जॅकेट घालून बघा."

त्या दिवशी विमानाच्या वेळेच्या किती तरी आधीच मी शेतात गेलो. नाना मचाणावर बसला होता, आणि शेजारी डबा. माळ्यावरून काढून आणला होता. मी वर चढलो आणि डब्याकडे बघितलं. तो म्हणाला, "उतरावर. त्याना आधी नही."

उन्हं कलली होती. दादरीत थवा उतरलेला, कणसं वाकवून खात होता. आमचंच धान्य, आणि आम्ही दोघं बाप्ये मनात म्हणत होतो, खा बाबांनो, पोटभर खा, फक्त उठू नका. नानाने बोटाने खूण केली, हालू नको. मी मचाणाचा खांब धरून उभा राहिलो. मानेवर मुंगी चढली, ती चढू दिली. वर एक घार फिरत होती. तिचं आम्ही काय करणार होतो? ती एकेक चक्कर घेई आणि मी ती मोजत राही.

झाडांवर एक चमकता ठिपका दिसला. आणि त्याच क्षणी लाइट आली.

शेतीची वीज पाळीने येते, आणि नानाच्या पाण्याच्या मोटारीला ऑटो बसवला आहे. वीज आली की मोटार आपोआप चालू. तो ऑटो मीच आग्रहाने बसवला होता, नळ्याही माझ्याच दुकानातल्या. मोटार घुरघुरली, पाइपात अडकलेली हवा फिल्टरपाशी बंदुकीसारखी फाडकन सुटली, आणि शेताचा तो अख्खा कोपरा उडाला.

नानाने माझा खांदा पकडला. थवा वर गेला, फिरला, भिंतीच्या दिशेने ताणला गेला. विमान आता ठिपका राहिलं नव्हतं. चाकं दिसत होती. त्यात माझी बायको, माझी लेक, आणि अजून जगात न आलेलं एक माणूस. माझी सगळी माहिती, नदी बरी की समुद्र, नाक वर की खाली, काही म्हणजे काही उपयोगाची नव्हती. मला फक्त उभं राहायचं होतं. ओरडावं, हात हलवावेत, धावावं असं अंगातली प्रत्येक शीर सांगत होती, आणि ओरडलो असतो तर उरलेला थवाही उठला असता.

थवा तारेपर्यंत गेला. तिथून वळला. आभाळात चादर झटकावी तसा एकदा पलटला आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला, जिथं कणसं अजून शाबूत होती, तिथं उतरला.

विमान आमच्या डोक्यावरून गेलं. दोन्ही पंखे फिरत होते. इतके वेगात की पाती दिसत नव्हती. भिंतीमागे टायर घासल्याचा आवाज आला, मग मोठी घरघर, मग ती कमी होत गेली. आम्ही तरी हाललो नाही. घरघर पूर्ण थांबली तेव्हा नानाने खांदा सोडला. त्याने डबा उचलला आणि काठीसकट माझ्या हातात दिला.

"आते वाजाड."

मी वाजवला. काठी निम्म्या वेळा हवेतच फिरली. खिशात फोन वाजला. बायको.

"उतरलो. सगळं ठीक. ही म्हणतेय, नानाकाकांना सांगा, डबा ऐकू आला."

ऐकू येणं शक्य नव्हतं. भिंत, धावपट्टी, बंद विमान, आणि माझं ते वाजवणं. तरी मी नानाला शब्द न् शब्द सांगितला.

नानाने डबा माझ्या हातातून काढून घेतला. "तुन्हा हात हलका शे," म्हणाला, आणि मचाणावर उभा राहून स्वतः वाजवायला लागला.